ढब्बूची उजवी बाजू

खोटं बोलत असेन तर माझी उरलेली एकुलती एक दाढ आत्ता, इथे, तुमच्यासमोर पडो! शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल उठून जावं, मी काही दाराला कडी घातलेली नाही. पण मग ढब्बूचं पुढे काय झालं ते विचारायला परत यायचं नाही, सांगून ठेवते.

तर एक होते शिट्टीमामा. आईबापांनी नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन बोटं तोंडात घालून मामा अशी शिट्टी मारायचे की ती समोरच्या डोंगरावर जाऊन आपटायची, तिथे जरा दम खायची आणि मग परत यायची. तोवर मामांचा चहा पिऊन व्हायचा. मेंढ्या पाळायचे. घर उताराच्या माथ्यावर, घरामागे मेंढवाडा, खाली रस्ता, रस्त्यापलीकडे ओढा आणि गवत. रोज सकाळी मेंढ्या खाली न्यायच्या, रस्ता ओलांडायचा, संध्याकाळी परत आणायच्या. सांगायला एवढंच काम. करायला घेतलं तर गुडघे जातात. मामांचे गेलेच.

पण मामांकडे काकू होती. काकू म्हणजे कुत्री. एखादी सासुरवाशिणींना धाकात ठेवणारी बाई चालते ना, तशी मान ताठ करून चालायची, म्हणून काकू. भुंकायची नाही. नुसतं बघायची, आणि मेंढीला आपण जन्माला येऊन चूक केली असं वाटायचं. एकदा तर संध्याकाळी मेंढ्यांबरोबर तिने एक विमा विकणारा माणूसही हाकून आणला होता. बिचारा टाय सावरत मेंढवाड्यात उभा. मामीने विचारलं, "बाहेर का आला नाहीत हो?" तर म्हणतो कसा, "त्यांनी परवानगी दिली नाही."

अशी काकू. पण तीही म्हातारी झाली. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला आणि डावीकडची मेंढी सुटायला लागली.

त्यातच थंडी संपता संपता मामा रस्त्याकडेच्या चरात पडले. उठता येईना. मेंढ्या शांतपणे त्यांच्या अंगाभोवतीचं गवत खात राहिल्या आणि काकू त्यांच्या छातीवर बसून राहिली. दुधाच्या टँकरवाल्याने बघितलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी लेक शहरातून आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. आल्या आल्या आधी बापाचा पाय बघितला, मग काकूचा डोळा, मग आईचं तोंड.

"बाबा, आता पुरे झालं."

"काय पुरे झालं?"

"तुम्हाला पळवत नाही, हिला दिसत नाही. उद्या रस्त्यात पडलात तर?"

"काल चरातच पडलो ना? रस्त्यात कुठे पडलो!"

लेक बापाचीच होती. ती ओरडली नाही, तिने अट घातली. "पुढची पानगळ संपली की मी येईन. तुम्ही फाटकात खुर्ची टाकून बसायचं, उठायचं नाही. कुत्र्याने मेंढ्या खाली न्यायच्या, रस्ता ओलांडायचा आणि परत आणायच्या. जमलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर मेंढ्या व्यापाऱ्याला आणि तुम्ही दोघं माझ्याकडे. खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये मेंढ्या मावतील?" मामांनी विचारलं.

"दोन मावतील," मामी म्हणाली. "तुम्ही आणि मी."

मामा हसले खरे. लेकीकडे ते एकदाच राहिले होते. सकाळी उठून सवयीने दार उघडलं तर समोर दुसरं दार. मामा उंबऱ्यातच उभे राहिले. कुठे जायचं तेच कळेना. शेजारच्या बाईने विचारलं, काही हवंय का, तर त्यांना तेही सांगता येईना. मेंढ्या गेल्या की रोजची सकाळ तशी होणार, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं.

म्हणून पिल्लू आणलं. सुताराच्या कुत्रीला झालेलं, गोल गरगरीत, म्हणून ढब्बू. सुतार म्हणाला, "शूर आहे हो." शूर कसला! पहिल्याच दिवशी कोंबडी शिंकली तर पळत जाऊन मामीच्या पदरात शिरला. आता कोंबडी शिंकत नाही म्हणाल, पण ती शिंकली. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांपुढे सोडला. कळपात एक थोराड मेंढी होती, तिला हेडबाई म्हणायचे. तिने ढब्बूला वरून खाली न्याहाळलं, दोन पावलं मागे सरली आणि असं डोकं दिलं की पिल्लू थेट पाण्याच्या हौदात.

"झालं शिक्षण," मामी म्हणाली.

मामा रात्रंदिवस विचार करायला लागले. आणि एका सकाळी हातभर दोरी घेऊन आले. काकूच्या पट्ट्याला एक टोक, ढब्बूच्या पट्ट्याला दुसरं. ढब्बू डावीकडे, काकू उजवीकडे.

मामी कपडे वाळत घालत होती. "अहो, लग्न लावताय का त्यांचं?"

"अगं, डोकं लागतं याला. हिला डावीकडचं दिसत नाही. त्याला दिसतं सगळं, कळत काही नाही. डावीकडे तो, उजवीकडे ही. दोघांचा मिळून एक अख्खा कुत्रा होतो की नाही?"

"दीड होतो," मामी म्हणाली.

पण काय सांगू तुम्हाला, जमलं! इतकं जमलं की मामांना स्वतःच्या हुशारीची भीती वाटायला लागली. ढब्बूने उडी मारली की काकू खाली बसायची, आणि त्याला मानेला हिसका बसून तोही बसायचा. तो भुंकला की ती त्याचं तोंड आपल्या तोंडात धरायची, चावायची नाही, नुसतं धरून ठेवायची, त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत. मेंढीने पाय आपटला की थांबायचं. डोळ्याला डोळा द्यायचा, पण दात दाखवायचे नाहीत. कोकरू मागे राहिलं तर त्याच्या आईला हाकायचं नाही, गुपचूप कोकरामागे जाऊन उभं राहायचं, बाकीचं आई बघते. हे सगळं ढब्बू शिकला. मेंढ्यांचा कळप म्हणजे सांडलेलं पाणी, एका हाताने अडवलं तर दुसरीकडून वाहणारच. उजवी कड काकूची, डावी कड ढब्बूची. मामांनी उजवी शिट्टी दिली की काकू वळायची आणि दोरी ढब्बूला वळवायची. डावी शिट्टी दिली की ढब्बू वळायचा आणि अर्धवट आंधळी काकू त्याच्या खांद्याला खांदा लावून मागोमाग. हेडबाईसुद्धा सरळ चालायला लागली.

टँकरवाला रोज गाडी थांबवून बघायचा. "मामा, तिकीट लावा! सर्कशीत असलं नसतं."

"बघतोस काय," मामा म्हणायचे. "पानगळ संपू दे. लेकीला इथेच जेवायला घालतो आणि रिकाम्या हाताने परत पाठवतो."

पूर्ण उन्हाळा, पूर्ण पावसाळा असाच गेला. मामी मात्र अधूनमधून खडा टाकायची. "एकदा दोरी सोडून बघा की."

"अजून कच्चा आहे तो."

"तो कच्चा आहे, की तुम्ही?"

मामा दोरीची गाठ तपासायचे. दोरी सोडायची ती कशाला? चाललंय ते छान चाललंय. काकू म्हातारी आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रोज सकाळी ती उठत होती, आणि जे रोज उठतं ते उद्याही उठेल असंच माणूस धरून चालतो.

पानं गळायला लागली. आणि एका सकाळी काकू उठली नाही.

मामा मेंढवाड्यात गेले तर दोघं पेंढ्यावर शेजारी शेजारी. ढब्बू टक्क जागा. कान हलवतोय, शेपटी हलवतोय, पण जागचा हलत नाही. काकू उठल्याशिवाय उठायचं नाही, एवढं तो नीट शिकला होता. दोरी ढिली पडली होती. मामांनी काकूच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मग गाठ सोडायला गेले तर दवाने गाठ फुगलेली. बोटं चालेनात.

मामी कात्री घेऊन आली. "कापते."

"नको. सुटेल."

"अहो, सुटत नाहीये ती." आणि तिने कापली.

मेंढवाड्याच्या मागे काकूला पुरलं. मग मामांनी लेकीला फोन लावला, काकू गेली म्हणून सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, मग आता राहिलंच काय?"

"ढब्बू आहे ना."

"त्याला जमतं एकट्याला?"

"जमतं," मामा म्हणाले. अजून सोडूनही बघितलं नव्हतं.

फोन ठेवून बघितलं. ढब्बूला मेंढ्यांमागे सोडला आणि मामांना हुंदका आला, इतका सुंदर पळत होता तो. पोट जमिनीला टेकवून, डोळा मेंढीवर, तोंड बंद. हुबेहूब काकू. डावी कड अशी धरली की एक कोकरू इकडचं तिकडे नाही. आणि उजवीकडे, त्याच्या अंगाशेजारी, काकूच्या अंगाएवढी जागा त्याने मोकळी सोडली होती. अगदी मापाने. पळताना त्या मोकळ्या जागेकडे जरासा कलून पळत होता, जणू खांदा टेकायला कुणी आहे. आणि तिच्या पलीकडे, कळपाची अख्खी उजवी कड उघडी.

हेडबाईला ते मामांच्या आधी कळलं. ती थांबली, मान वळवली आणि आरामात उजवीकडून निघाली. तिच्यामागे बाकीच्या.

मामांनी उजवी शिट्टी मारली. ढब्बू थांबला. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. तुझी शिट्टी झाली, वळ की, असं बघत. मामांनी पुन्हा मारली. ढब्बू खाली बसला. काकूला वेळ लागतोय तर लागू दे, आपण थांबावं, अशी त्याची समजूत. तो अदबीने वाट बघत राहिला आणि मेंढ्या डोंगरभर झाल्या.

मामी दारात उभी होती. ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

मग जे सुरू झालं ते बघून हसावं की रडावं कळेना. मामांनी पोत्यात काकूचा पेंढा भरला, पोत्याला पट्टा घातला आणि ढब्बूच्या उजवीकडे बांधलं. ढब्बूने पोतं हुंगलं, त्याला मान टेकवून बसला आणि दिवसभर हलला नाही. मेंढी जवळ आली तर गुरगुरायचा, पोत्याला हात लावाल तर याद राखा. मग मामा स्वतः उजवीकडून चालायला लागले. दहा पावलं गेले आणि गुडघ्याने जागा दाखवली. शेवटी मामीने पदर खोचला.

"आणा ती दोरी. जन्मभर तुमच्यामागे फिरले, आता कुत्र्याच्या शेजारून फिरते. बढतीच म्हणायची."

पण मामी चालणार ती आपल्या चालीने. ढब्बू चार ढांगा टाकायचा, मग तिच्यासाठी थांबायचा, मग पुन्हा चार. तोवर मेंढ्या पांगायच्या. मामी धापा टाकत दगडावर बसली आणि ढब्बू तिच्या डावीकडे बसला. दोघं मामांकडे बघत राहिले. "याच्यात काही खोट नाही हो," मामी म्हणाली. "तुम्ही जेवढं शिकवलंत तेवढं याने चोख केलंय."

मामांना ते कुठेतरी खोल लागलं. दीड कुत्रा म्हणाली होती ना ही, तर त्यातला अर्धाच उरला होता. आणि अर्धा कुत्रा बनवण्यात त्यांनी कसलीच कसर ठेवली नव्हती.

लेक ठरल्याप्रमाणे आली. पिशवीतून बापासाठी नवा स्वेटर काढला, आईसाठी चष्मा. मग म्हणाली, "चला बाबा."

खुर्ची फाटकात टाकली. मामा बसले. मामी त्यांच्यामागे उभी. फाटक उघडलं आणि मेंढ्या उताराला लागल्या. सुरुवातीला बरं चाललं. एका बाजूने कुंपण होतं ना, उजव्या बाजूने! कुंपण होतं तोवर ढब्बूसारखा कुत्रा जगात नव्हता. लेकीचा चेहराही जरा सैल झाला. पण उताराच्या मध्याला कुंपण संपतं. तिथे हेडबाईने मान वळवली.

कळप उजवीकडून फुटला तो थेट रस्त्यावर. खालून टँकरचा आवाज आला. मामा उठायला गेले, तर मामीचा हात खांद्यावर. "तुम्ही उठून काय करणार?" खरंच होतं. लेक धावली. चप्पल टाकून, हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ब्रेकचा असा आवाज झाला की मामांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा टँकर तिरका उभा होता, हेडबाई त्याच्या चाकाशी गवत चघळत होती, आणि टँकरवाला खाली उतरून एकेका चाकाखाली वाकून बघत होता.

मेंढ्या लेकीनेच वर आणल्या. धावत, ओरडत, हात हलवत, कळपाच्या उजव्या बाजूने. आणि डाव्या बाजूने ढब्बू. काय सुरेख आणल्या दोघांनी! एक कोकरू मागे राहिलं, तर ढब्बू गुपचूप त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. मामांनी वरून सगळं बघितलं. अख्खा कुत्रा होता तो, जितका वेळ लेक उजवीकडे होती तितका वेळ.

ती वर आली, धापा टाकत. "बाबा..."

रोज येशील का, असं मामांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या पायाला खरचटलं होतं, अनवाणी पळाली होती पोर. मामा म्हणाले, "व्यापाऱ्याला कळव."

लेकीने बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडली. जिंकलेलं माणूस असं रडतं का कधी? पण ती रडली.

व्यापारी ट्रक घेऊन आला. चांगला माणूस होता, उगाच वाईट कशाला म्हणू. ट्रक मागे घेऊन मेंढवाड्याच्या भिंतीला लावला, चढायला फळी टाकली. फळीच्या उजव्या अंगाला भिंत, आणि वर ट्रकची बाजू. व्यापारी म्हणाला, "मेंढ्या चढायला वेळ घेतात हो. माझी दोन माणसं..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ढब्बू निघाला. उजवी कूस भिंतीला घासून, पोट खाली, तोंड बंद. कुठून काही उघडंच नव्हतं. जिथे काकू असायची तिथे भिंत होती. एकेक मेंढी वळली, एकेक मेंढी चढली. फळीवर एक कोकरू बिचकलं, तर तो त्याच्यामागे थांबला, ते चढेपर्यंत. शेवटी हेडबाई. तिने मान वळवली, उजवीकडे बघितलं. भिंत. डावीकडे बघितलं. ढब्बू. निमूट चढली. मामांनी एकही शिट्टी मारली नाही. त्यांचं आयुष्यभराचं काम दहा मिनिटांच्या आत ट्रकमध्ये भरलं गेलं, आणि तेही इतकं देखणं की व्यापाऱ्याची माणसं काम सोडून बघत उभी.

"मामा," व्यापारी म्हणाला, "असा कुत्रा मी जन्मात बघितला नाही. कुणी शिकवला?"

"काकूने," मामा म्हणाले.

व्यापाऱ्याला वाटलं मामांची कुणी नातेवाईक असेल. "देता का मला? पोराबाळांसारखा ठेवीन."

मामांनी लेकीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता.

"न्या," मामा म्हणाले. "फक्त एक करा. त्याच्या उजव्या बाजूला काहीतरी असू द्या. भिंत चालेल, कुंपण चालेल. माणूस असेल तर फारच चांगलं."

"का हो?"

"असू द्या म्हटलं ना!"

व्यापारी हसला. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी खूळ, असं त्याला वाटलं असणार. ढब्बू स्वतःहून ट्रकमध्ये चढला, मेंढ्यांच्या मागे. दार लागलं. ट्रक उतरणीला लागला. मामा फाटकात उभे होते, मामीने त्यांचा दंड धरला होता. आणि रस्त्याच्या वळणावर ढब्बूने फटीतून मान बाहेर काढली, मागे वळून मामांकडे बघितलं आणि एकदाच, काकूने तोंड धरल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने भुंकला.

दुसऱ्या दिवशी मामांनी सकाळी उठून दार उघडलं, तेव्हा समोर दुसरं दार होतं.

बरं, आता डोळे पुसा. आणि माझ्या दाढेकडे असं बघू नका, ती हलतेय ते मलाही कळतंय. सगळं खरं सांगितलं. कोंबडी शिंकली, विमावाला हाकून आणला, सगळं खरं. एवढं एक मात्र मी घातलं. ढब्बू भुंकला नाही. मागे वळूनही बघितलं नाही त्याने. ट्रकच्या कडेच्या फळीला उजवी कूस टेकवून तो शांत बसला होता, आणि शेपटी हलवत होता.